पेशीचा तोल आणि परवाचा बांगडा

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "तुमच्या नोकरीतले दोन-चार रोमहर्षक प्रसंग लिहा." मी होय म्हणून बसले आणि मग आठवायला लागले. कॅन्सरच्या जिवंत पेशीच्या आत चयापचयाचा तोल मोजणं हे माझं आयुष्यभराचं काम. यात सगळ्यात रोमहर्षक प्रसंग कोणता, तर प्रयोगशाळेतला एसी बंद पडणे. बाकी सगळा वेळ काळोख्या खोलीत मायक्रोस्कोपसमोर बसायचं, पडद्यावरचे ठिपके बघायचे आणि पाठ दुखते म्हणून कुरकुरायचं. तेव्हा ज्यांना रोमांच हवे असतील त्यांनी पुढची कथा वाचावी.

मुंबईतल्या एका संशोधन संस्थेतून निवृत्त होऊन मी गावी आले. आमची वाडी वालावलच्या अलीकडे, खाडीला लागून. गावाने आठवडाभरात माझं बारसं करून टाकलं, 'कॅन्सर मोजणारी'. रॉकेल मोजतात तसा मी तो लिटरच्या मापाने मोजत असेन असा बऱ्याच जणांचा समज असावा. वरच्या वाडीतले एक काका घसा दाखवायला आले. म्हटलं, "काकानू, मी डॉक्टर नाय."

"मगे तुका डॉक्टर कित्याक म्हणतत?"

"ती वेगळी डॉक्टर. मी पेशींवर काम करी."

काकांनी विचार केला. "म्हणजे ढोरांची?"

ढोरांचीही नाही म्हटल्यावर त्यांचा चेहरा पडला. चहा पिऊन निघताना माझ्या चुलतभावाला, बापूला, ते मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शैल्याचां शिक्षण फुकट गेलां." बापू आंब्या-काजूची बाग करतो आणि माणूस सज्जन आहे. तो फक्त हसला. मला राग आला, कारण मलाही अधूनमधून तसंच वाटतं.

तर मी काय करत होते ते एकदाच नीट सांगते. पेशी साखर जाळते, तेव्हा निघालेली ऊर्जा वाहून न्यायला तिच्यात काही वाहक असतात. त्यांची शास्त्रीय नावं सांगून कुणाच्या फराळाची चव बिघडवत नाही. मालवणच्या धक्क्यावरून किल्ल्याकडे ये-जा करणाऱ्या होड्या आठवा. काही भरलेल्या, काही रिकाम्या. सगळ्याच भरून एका बाजूला अडकल्या की धंदा बंद. भरलेल्या किती आणि रिकाम्या किती, हे प्रमाण म्हणजे पेशीचा तोल. कॅन्सरची पेशी अधाशी. ती साखर बकाबका खाते, अर्धवट वापरते आणि उरलेलं आंबट करून बाहेर ओतते. हे सगळं कशासाठी, तर होड्या लवकर रिकाम्या व्हाव्यात आणि आपलं वाढणं थांबू नये म्हणून. कुठलं औषध हा तोल ढळवतं ते कळलं तर तिला कुठे अडवायची ते कळेल, ही आमची आशा.

मी कामाला लागले तेव्हा हा तोल मोजायची पद्धत अशी की आधी पेशी गोठवायच्या, मग चेचायच्या, मग त्या रसात काय सापडतं ते बघायचं. म्हणजे माणसाला खलबत्त्यात कुटायचं आणि मग विचारायचं, बाबा रे, सकाळी तुझं मन कसं होतं? यावर आम्ही वर्षानुवर्षं गंभीर चेहऱ्याने निबंध लिहिले. नंतर चमकणारी प्रथिनं आली. अशा प्रथिनाची कृती पेशीतच सोडायची, पेशी स्वतःच ते प्रथिन बनवते आणि तोल बदलला की त्याचा उजेड बदलतो. दोन रंगांचा उजेड मोजायचा, एकाला दुसऱ्याने भागायचं. पेशी जिवंत राहते, आपल्या उद्योगात मग्न राहते आणि आपण बाहेरून चोरून बघतो. खरं सांगते, पहिल्यांदा ते बघितलं तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साखर घातली आणि काळोखात ते ठिपके हळूहळू उजळत गेले.

या पेशींची बडदास्त काय वर्णावी! त्यांना अंगाइतकी ऊब हवी, हवेत नेमका वायू हवा, नारिंगी रंगाचं साखरपाणी वेळेवर हवं. गणपतीत मी गावी आले तर मागे त्यांना जेवू कोण घालणार याची सोय आधी लावायची. ज्या बाईच्या गाठीतून त्या काढल्या ती केव्हाच वारली होती. पेशी मात्र आमच्या पगारावर मजेत होत्या.

आमच्याकडे पाहुणे फार. एकदा एक बडे पाहुणे आले, मायक्रोस्कोपला डोळा लावून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "अद्भुत! काय तो गुंता! काय त्या रेषा!" दिवा लावायचा राहिला होता. त्यांनी आपल्याच पापण्या बघितल्या होत्या. आमच्या मोठ्या सरांनी मला डोळ्याने गप्प केलं आणि पाहुण्यांना चहाकडे नेलं. पुढे एका समारंभात त्या पाहुण्यांनी कॅन्सरच्या त्या काळ्याभोर रेषांचं वर्णन केल्याचं ऐकलं.

पण आमची खरी शोभा झाली ती निराळ्याच दिवशी. एका औषधाने पेशीचा तोल झपाट्याने ढळतो असं आमच्या लक्षात आलं होतं आणि ते बघायला मोठी समिती आली. उबदार पेटीतून डिश बाहेर काढून टेबलावर मांडल्या. मग भाषणं झाली. भाषणांनंतर आभार झाले. मग औषध घातलं आणि पडद्यावर रंग असा बदलला की समितीने टाळ्या वाजवल्या, सरांनी पेढे मागवले, मीही दोन खाल्ले. सगळे गेल्यावर नियमाप्रमाणे राहिलेली डिश मोजली, जिच्यात औषध घातलेलंच नव्हतं. तिला आम्ही कोरी डिश म्हणायचो. तिचाही रंग तसाच बदललेला!

कारण अगदी साधं होतं. पेटीतून बाहेर काढल्यावर वायू उडून जातो आणि पेशींच्या पाण्याचा आंबटपणा कमी होतो. आमचं चमकणारं प्रथिन त्यालाही भुलतं. डिशींतलं नारिंगी पाणी सोलकढीसारखं गुलाबी झालेलं सगळ्यांना दिसत होतं. मी तर जन्मभर सोलं, म्हणजे आमसुलं, खाल्लेली बाई, पण टाळ्यांच्या नादात कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नाही. पेशींचा तोल आमच्या औषधाने नव्हे, भाषणांनी ढळला होता. सरांनी समितीला कळवलं, औषध मागे घेतलं आणि त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला. आधी कोरी डिश. ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे ते यंत्राला विचारायचं. ते चुकलं तर पुढचं काही विचारायचंच नाही.

हे सगळं इतकं पाल्हाळ लावून सांगितलं ते सुमनसाठी.

सुमन आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तिने आमच्या बापूशी लग्न केलं आणि माझी वहिनी झाली, पण मला 'अगो शैला' म्हणायचं तिने सोडलं नाही. मी गावी परतले त्यानंतरच्या पावसाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. गोव्याच्या इस्पितळात तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं की आधी किमोचे डोस देऊन गाठ लहान करू, मग शस्त्रक्रिया. वेळेवर झालं तर आशा चांगली. दोन डोस झाले. केस गेले, तोंड आलं, पण सुमन धीराची. टकलावर टॉवेल गुंडाळून पेज शिजवायची आणि म्हणायची, "तेलाचो खर्च वाचलो."

आणि मग आमच्या तालुक्याच्या बाजारात, झेरॉक्सच्या दुकानाच्या माडीवर, एक 'चयापचय संतुलन केंद्र' उघडलं.

आंबोलीचा घाट उतरून आमच्याकडे भाजी येते, गूळ येतो, तसे हे साहेबही आले. गोरेपान, पांढरा कोट, गळ्यात स्टेथोस्कोप. तो त्यांनी कुणाच्या छातीला लावल्याचं मला कुणी सांगितलं नाही. टेबलावर एक पेटी, तिला जोडलेल्या दोन पितळी दांड्या आणि लॅपटॉप. दोन हातांत दोन दांड्या धरायच्या, की पडद्यावर तुमच्या पेशींचा तोल. यकृताच्या वेगळा, मेंदूच्या वेगळा. मी एका डिशीतल्या चार पेशींचा तोल मोजण्यात डोळे घालवले आणि हे गृहस्थ सबंध माणसाचा तोल हाताच्या तळव्यातून चहा निवायच्या आत काढत होते. बरोबर नवऱ्याची तपासणी फुकट.

सुमनचा तोल अर्थातच ढळलेला निघाला. फुकटात बापूचा तिच्याहून वाईट निघाला. बागेत राबून त्याच्या तळव्यांना सागाच्या सालीसारखे घट्टे, त्यातून पेटीला काय मिळणार? साहेब गंभीर झाले आणि दोघांनाही पथ्य दिलं. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, फळं बंद. "कॅन्सरला साखर लागते. साखर तोडा, तो उपाशी मरेल." शिवाय किमोने तोल आणखी बिघडतो, तेव्हा आधी तोल सावरू द्या, मग डोस बघू.

यात चीड आणणारी गोष्ट ही की पहिलं वाक्य खरं होतं. कॅन्सरला साखर लागते हे मी स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं. त्यापुढचं सगळं थोतांड. आपण साखर नाही खाल्ली तर शरीर ती स्नायू झिजवून घरात बनवतं, आणि गाठ ती पहिल्या पंगतीला बसून खाते. उपाशी मरतं ते माणूस.

हे सगळं झालं तेव्हा मी भाच्याच्या लग्नासाठी महिनाभर मुंबईला होते. परत येऊन बघते तर सुमनचे गाल बसलेले, दंडावर पोलक्याच्या बाह्या लोंबताहेत. तिसऱ्या डोसची तारीख उलटून गेली होती, चौथ्याची जवळ आली होती. बापू बिनसाखरेचा काळा चहा पीत ओटीवर बसलेला, सुतकी. मी इतकी घाबरले की आल्याआल्या ओरडायलाच लागले. होड्या सांगितल्या, साखर सांगितली, ती पेटी फक्त तळहाताची ओल मोजते हे सांगितलं. सुमनने शांतपणे ऐकून घेतलं.

"माका एक सांग. तू इतकी वर्षां पेशीच मोजलंस मा? मगे माझ्यो मोज."

"तसां मोजूक जमना नाय गो. आमचां यंत्र डिशीतल्यो पेशी बघता. माणसातल्यो नाय."

"मगे इतकी वर्षां केलंस काय?"

आमच्या कामातून एकही गोळी औषधाच्या दुकानात पोचलेली नाही. कदाचित पुढे पोचेल. हे 'कदाचित' घेऊन मी तिच्यासमोर उभी होते.

"बरां, ह्यां तरी सांग. डोस घेतले तर मी बरी होतलंय? लिहून देतलंस?"

"लिहून कसां देव? सांगूक येना नाय. पण आशा चांगली आसा."

"तो लिहून देता," सुमन म्हणाली. "तुका जमला नाय तां तेका जमला, म्हणान तू जळतंस."

खरं सांगायचं तर थोडी जळतही होते. त्याचे ते ठाम शब्द मला जन्मभर कधी उच्चारता आले नाहीत. रागाने मी माझ्या घरी निघून आले आणि जेवले नाही. मग तिकडे तीही जेवलेली नाही हे आठवून स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेले ते भांडायचं नाही असं ठरवून. सुमनची त्या दिवशी केंद्रात फेरतपासणी होती. बापू कलमांना फवारणी करायला माणसं घेऊन गेलेला, म्हणून सोबतीला मी. ती लुगड्याचा पदर अंगभर लपेटून बसली होती. किमोपासून तिला सारखी थंडी वाजायची. रिक्षाची वाट बघताना मी तिला आमच्या फजितीची गोष्ट सांगितली. समिती, भाषणं, पेढे, गुलाबी झालेलं पाणी, सगळी. पापण्यांची गोष्टही सांगितली. सुमन कितीतरी दिवसांनी हसली. हसताना तिचं तोंड दुखत होतं तरी हसली.

"म्हणजे तुमी यडे झालास!"

"पुरे यडे."

"आणि मगे?"

"मगे ठरवला. आधी यंत्राक असां कायतरी विचारुचा, जेचा उत्तर आपल्याक पक्कां म्हायत आसा."

रिक्षा आली. बाजारात आल्यावर तिने ती केंद्राच्या अलीकडेच, मासळीबाजाराशी थांबवली. पथ्य सुरू झाल्यापासून ती इकडे फिरकली नव्हती. हलीमाबाय आपल्या पाटीमागे बसली होती. तिचे लोक पिढ्यान्‌पिढ्या मासेमारीत, आणि आमचं घर तिचं कायमचं गिऱ्हाईक. सुमनला बघून तिने दोन टवटवीत बांगडे उचलून धरले.

"ह्ये नको," सुमन म्हणाली. "शिळो आसा काय एकादो?"

आजूबाजूच्या दोन बायका वळून बघायला लागल्या. हलीमाबायचा चेहरा उतरला. "शिळो? माझ्याकडे? सकाळचे आसत गो सगळे, कल्ले बघ कसे लाल!"

"दिसतत माका. पण माका शिळोच होयो."

"सुमन, तुझी तब्येत बरी आसा मा?" हलीमाबायने मला विचारल्यासारखं माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. मलाही अजून काही कळलेलं नव्हतं. शेवटी तिने पाटीमागच्या बर्फाच्या डब्यातून तळाचा एक बांगडा काढला. "ह्यो परवाचो. मांजराक ठेवललो. पण पैसे घेवचंय नाय. शिळो इकलंय म्हणान बाजारात माझा नाव जायत." पिशवीत टाकताना तिने तो सुमनपासून लपवावा तसा टाकला.

केंद्रात बाकावर बरीच माणसं बसलेली. साहेबांनी सुमनला खुर्चीवर बसवलं, दांड्या हातात दिल्या आणि लॅपटॉपकडे तोंड केलं. हा माणूस पेशंटकडे बघतच नाही हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. नाव विचारतो तेही पडद्याला. सुमनने दोन्ही दांड्या पदराखाली घेतल्या. पदराखाली पिशवी होती. पिशवीत बर्फाच्या खारट पाण्याने निथळणारा बांगडा होता. मग मला कळलं, आणि मी तोंडात रुमाल कोंबला.

पेटीने टुंई केलं. साहेबांचा चेहरा फुलला.

"वा वा, ताई! बघा, पथ्याचा गुण! तोल उत्तम आलाय. यकृत उत्तम. हृदय उत्तम."

"खराच?" सुमन म्हणाली.

"पेशी एकदम ताज्या! मागच्या वेळचं बघा आणि आजचं बघा. असंच चालू ठेवा. डोसबिस काही नको."

"ताज्यो म्हणतास?"

"एकदम ताज्या टवटवीत."

सुमनने पदर बाजूला केला आणि बांगडा टेबलावर, लॅपटॉपच्या शेजारी ठेवला. एक दांडी त्याच्या डोक्याला, एक शेपटीला अजून चिकटलेली होती. वास सुटला. "साहेब, ह्यो परवाचो बांगडो. डोळे बघा, कसे आत गेलेत. कल्ले उघडा, काळे पडलेत. हलीमाबायन मांजराक ठेवललो. आणि तुमचां यंत्र सांगता, ताजो!" तिचा आवाज चढत गेला. "जेका बांगडो कळना नाय, तेका माझी गाठ काय कळतली? शिरा पडो तुमच्या यंत्रार!"

नुसतं कॅन्सरच्या बाबतीत फसवलं असतं तर सुमनने कदाचित अजून महिनाभर सोसलं असतं. पण मासळीच्या ताजेपणात फसवणूक? आमच्या मुलखात याला क्षमा नाही. साहेब उठून उभे राहिले, खुर्ची मागे पडली. मला वाटलं, आता बाकावरची माणसं उठणार, आपापले पैसे मागणार. माझ्या शास्त्राचा असा विजय मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

बाकावरचे एक आजोबा खाकरले. "पण बाये," ते म्हणाले, "बांगड्याक कॅन्सर नव्हतोच मा? म्हणजे यंत्र बरोबर सांगता!"

बाकावर सगळ्यांच्या माना हलल्या. साहेबांचा रंग परत आला. "अगदी बरोबर बोललात आजोबा," ते म्हणाले आणि त्यांना पुढचा नंबर दिला.

ते केंद्र अजून चालू आहे. मी दोन ठिकाणी तक्रार केली, दोन्ही ठिकाणी पोच मिळाली. मध्यंतरी झेरॉक्स काढायला गेले तेव्हा जिन्यात नवी पाटी दिसली, 'मासळी घेऊन आत येऊ नये'. एवढी एक सुधारणा मात्र विज्ञानाने करून दाखवली.

त्या दुपारी सुमनने परतीच्या वाटेवर हलीमाबायकडून ताजे बांगडे घेतले, तिरफळं घालून सार केलं आणि उकड्या तांदळाचा भात वाढून घेतला. तोंड आलेलं, प्रत्येक घासाला डोळ्यांत पाणी. खाल्लं तरी. बापू ताटाकडे बघत राहिला. "खा मेल्या," ती म्हणाली, "तुका काय एक झाला नाय." तोही जेवला, पण चहात साखर घ्यायचं धाडस त्याला अजूनही होत नाही. केंद्राने दिलेल्या कागदावर त्याचा तोल फारच वाईट होता म्हणतो.

पुढे काय झालं ते सांगून टाकते, सणासुदीला कुणाला टांगणीवर ठेवू नये. डोस पुन्हा सुरू झाले, शस्त्रक्रिया झाली. सुमन आहे. केस परत आलेत, पूर्वीपेक्षा कुरळे, आणि ती त्यांना पुन्हा तेल लावते. हुकलेल्या डोसने काय नुकसान केलं, की केलंच नाही, हे डॉक्टरांना सांगता येत नाही आणि मलाही येत नाही. प्रत्येक तपासणीच्या आधी बापूच्या घरात दोन दिवस कुणी मोठ्याने बोलत नाही. त्या माडीवरच्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

पण मला लिहायची होती ती डोस संपल्यानंतरची, शस्त्रक्रियेच्या आधीची गोव्यातली एक सकाळ. सबंध शरीराचा स्कॅन होता. त्यात शिरेतून आधी एक सुई देतात, मग तासभर निजवून ठेवतात. सुई घेऊन आलेला तंत्रज्ञ तिशीतला, हसऱ्या चेहऱ्याचा होता. सुमनने हात मागे घेतला.

"ह्यां काय टोचतास?"

"साखरच, काकी. तिला जरा किरणं लावलेली असतात. गाठ साखर जास्त ओढून घेते, म्हणून ती चमकून दिसते."

सुमन माझ्याकडे वळली. "बघ गो. माका त्या पथ्यात चायेत चिमूटभर नाय आणि गाठीक सुईतून!" मग पुन्हा त्याच्याकडे. "आणि ह्यां तुमचां यंत्र आधी कशार लावन बघितलास?"

मला वाटलं तो गोंधळेल. तो नाही गोंधळला. "रोज सकाळी बघतो, काकी. एक बंद डबा आहे. त्यात किती आहे ते आम्हाला आधीच ठाऊक असतं. यंत्राने तेवढंच सांगितलं तर पहिला पेशंट आत. नाहीतर सगळ्यांना घरी पाठवतो."

सुमनने हात पुढे केला.

सुईनंतर अंगातल्या किरणांमुळे तिच्याजवळ कुणी बसायचं नसतं. म्हणून आधीच तिने मंगळसूत्र आणि बांगड्या काढून माझ्या रुमालात बांधल्या होत्या. दाराशी ती थांबली. टॉवेल सरकून टक्कल उघडं पडलं होतं आणि ती शाळेतल्या बाकावर दिसायची तेवढी लहान दिसत होती.

"शैला, खरां सांग. मी बरी होतलंय मा?"

किती बरं वाटलं असतं मला, होय म्हणायला! माडीवरचा तो माणूस न अडखळता म्हणाला असता.

"सांगूक येना नाय गो," मी म्हटलं.

"म्हायत आसा माका. म्हणान तुकाच विचारलंय," ती म्हणाली. "आता हंयच बस. खंय जाव नको."

दार बंद झालं. दुपार कलली तरी मी चहाला उठले नाही.